फोन हरवला किंवा चोरीला गेला तर काय करावे, आणि कोणत्या क्रमाने

एसटीतून उतरल्यावर किंवा मंडईच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर खिसा रिकामा लागला, की बहुतेक जण पहिली दहा-पंधरा मिनिटे तोच खिसा आणि तीच पिशवी पुन्हापुन्हा चाचपण्यात घालवतात. हे स्वाभाविक आहे. पण फोन खरोखर चोराच्या हाती गेला असेल, तर हीच मिनिटे सर्वांत मोलाची असतात, कारण तोवर फोन बहुधा चालू असतो, त्यात तुमचे सिम असते आणि इंटरनेटही सुरू असते. फोन बंद करून सिम बाहेर काढले गेले, की तुमच्या हातातले निम्मे उपाय संपतात.

हँडसेट दहा हजारांचा असो की लाखाचा, त्याहून मोठा धोका त्यातल्या सिमकार्डाचा असतो. बँक, यूपीआय, आधार, व्हॉट्सॲप आणि ईमेल या सगळ्यांची दारे त्या एका क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने उघडतात, आणि चोराला तुमच्या फोनचा लॉक उघडता आला नाही, तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हणून या लेखात सगळा भर कामांच्या क्रमावर दिला आहे: आधी फोनला दुरून कुलूप, लगेच सिम बंद, त्यापाठोपाठ बँक, नंतर पोलीस आणि शेवटी सीईआयआर, म्हणजे चोरीचा फोन देशभरात निकामी करणारी सरकारी नोंदवही. हा क्रम चुकला तर एक काम दुसऱ्याच्या आड येते. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

आधी वाजवा, मग कुलूप लावा

शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फोन मागून स्वतःच्या क्रमांकावर फोन लावावा. रिक्षात किंवा दुकानाच्या काउंटरवर विसरलेला फोन कोणीतरी उचलतो आणि परतही देतो. हा अनुभव आपल्याकडे दुर्मीळ नाही. फोन उचलणाऱ्याशी शांतपणे बोलावे, भेटण्यासाठी वर्दळीची जागा ठरवावी, आणि फोन हातात येण्यापूर्वी कोणी पैसे पाठवायला सांगितले तर ते पाठवू नयेत. एसटीत विसरला असेल तर आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला गाठून बस कोणत्या मार्गावर आणि कुठे गेली आहे हे विचारावे. तिकीट तोवर फेकू नये.

फोन कोणी उचलत नसेल किंवा कापत असेल, तर अधिक वेळ न घालवता त्याला दुरून कुलूप लावावे. अँड्रॉइड फोनसाठी गुगलची ‘फाइंड हब’ ही सोय आहे. २०२५ पर्यंत तिचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होते, त्यामुळे जुन्या फोनवर तेच नाव दिसले तर गोंधळू नये. दुसऱ्याच्या फोनवरच्या फाइंड हब ॲपमध्ये पाहुणा म्हणून स्वतःच्या गुगल खात्याने प्रवेश करता येतो, किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश फाइंड’ उघडता येते. तिथे फोन नकाशावर दिसतो, आणि आवाज बंद ठेवलेला असला तरी त्याला पूर्ण आवाजात ५ मिनिटे वाजवता येते. फोन घरातच किंवा कार्यालयातच कुठेतरी राहिला असेल तर हे पुरेसे आहे. बाहेर हरवला असेल तर वाजवत बसू नये. फोन हरवल्याची खूण करून त्याला कुलूप लावण्याचा जो पर्याय तिथे दिसतो, तो लगेच निवडावा. पडद्यावर एक छोटा निरोप आणि संपर्कासाठी घरच्या दुसऱ्या कोणाचा क्रमांक दाखवण्याची सोयही तिथेच असते. त्या निरोपात घरचा पत्ता लिहू नये.

इथे एक अडचण हमखास येते, आणि ती आधी ठाऊक असलेली बरी. काही वर्षांपूर्वी माझ्या आईचा फोन बसस्थानकावर गेला, तेव्हा तिचे ईमेल खाते आणि पासवर्ड मला पाठ होते; तरीही मला आत जाता आले नाही, कारण खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली होती आणि पडताळणीचा संकेत जात होता तो त्याच हरवलेल्या फोनवर. घरच्या संगणकावर तिचे खाते आधीपासून उघडे होते, म्हणून दीड तासाने का होईना काम झाले. तोवर फोन बंद झाला होता. तुमच्यावर अशी वेळ आली तर ज्या संगणकावर किंवा टॅबवर तुमचे खाते आधीच उघडे आहे, तिकडे धाव घ्यावी, किंवा घरी असलेल्या माणसाला फोन करून तिथून कुलूप लावायला सांगावे. गुगल अशा प्रसंगासाठी ८ अंकी १० राखीव संकेत आधीच देऊन ठेवते; ते कागदावर लिहून घरात ठेवलेले असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनांवर याहून सोपी एक वाट आहे. ‘रिमोट लॉक’ नावाची सोय आधी सुरू करून ठेवली असेल, तर ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक’ या पानावर केवळ आपला मोबाइल क्रमांक टाकून फोनचा पडदा बंद करता येतो. पासवर्ड आठवण्याची गरज पडत नाही. मात्र त्यासाठी फोन इंटरनेटला जोडलेला आणि सिम चालू असावे लागते, म्हणून ही वाट सिम बंद करण्याआधीच वापरायची असते.

आयफोनची व्यवस्था याबाबतीत अधिक सोयीची आहे. ‘आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड’ या पानावर ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो. दुसऱ्या फोनवर येणारा संकेत तिथे मागितला जात नाही. ओळखीच्या कोणाकडे आयफोन असेल तर त्याच्या ‘फाइंड माय’ ॲपमधूनही मित्राला मदत करण्याचा पर्याय निवडून तुमच्या खात्यात जाता येते. आत गेल्यावर ‘लॉस्ट मोड’, म्हणजे हरवलेल्या फोनला कुलूप लावणारी सोय, सुरू करावी. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या बहुतेक फोनांवर, आयओएस १५ किंवा त्यापुढची प्रणाली असेल तर, बंद केलेला फोनही काही काळ आसपासच्या इतर ॲपल उपकरणांच्या मदतीने नकाशावर दिसू शकतो.

नकाशावरच्या ठिपक्याबद्दल

फोन कुठे आहे हे दिसले, की माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे एकट्याने जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. नकाशावरचा ठिपका म्हणजे पत्ता नव्हे. त्याच्याभोवतीचे फिकट वर्तुळ फोन त्या परिसरात कुठेतरी असल्याचे सांगते, आणि दाट वस्तीत त्या वर्तुळात चाळीच्या चाळी आणि इमारतींचे मजलेच्या मजले सामावतात. चुकीच्या दारावर जाऊन निरपराध माणसावर आळ घेणे जितके वाईट, तितकेच योग्य दारावर जाऊन चार जणांच्या तावडीत सापडणे धोक्याचे आहे. ठिपका दिसताच त्या पडद्याचा वेळेसह फोटो काढून ठेवावा, तो हलला तर पुन्हा काढावा, आणि हे फोटो पोलिसांना दाखवून त्यांच्यासोबत जावे. तातडी असेल तर ११२ क्रमांकावर फोन करता येतो.

फोनमधला सगळा मजकूर दुरून पुसून टाकण्याचा पर्यायही या दोन्ही सोयींमध्ये आहे, पण तो घाईने वापरू नये. अँड्रॉइड फोन एकदा पुसला, की फाइंड हबवर तो पुन्हा दिसत नाही, म्हणजे शोधाचा धागा तुम्ही स्वतःच्या हाताने तोडता. शिवाय फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड असेल तर त्यावरचे फोटो पुसले जातीलच असेही नाही. कुलूप चांगले असेल तर पुसण्याची घाई नसते. फोनला लॉकच नव्हता, किंवा त्यात कार्यालयाची किंवा रुग्णांची गोपनीय कागदपत्रे होती, तर मात्र वाट न पाहता पुसावे. फोन त्या वेळी बंद असला तरी हा आदेश देऊन ठेवता येतो. तो पुन्हा इंटरनेटला जोडला गेला की काम सुरू होते.

आयफोनबाबत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. फोन पुसला तरी चालेल, पण आपल्या ॲपल खात्यातून तो काढून टाकू नये. खात्याशी जोडलेला असेपर्यंत तो तुमच्या पासवर्डशिवाय दुसऱ्या कोणाला सुरू करता येत नाही. हे ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आले आणि त्यामुळेच चोरीचा आयफोन सुट्या भागांसाठी विकावा लागतो. हे कुलूप तुमच्याच हातून काढून घेण्यासाठी चोर पुढे काही दिवसांनी तुम्ही दिलेल्या संपर्क क्रमांकावर संदेश पाठवतात: तुमचा आयफोन सापडला आहे, त्याचे ठिकाण पाहण्यासाठी या दुव्यावर जा. उघडणारे पान हुबेहूब ॲपलच्या पानासारखे असते आणि तिथे पासवर्ड टाकला की तो थेट चोराच्या हाती जातो. फोन परत मिळण्याची आस लागलेला माणूस नेमका इथे फसतो. अशा कोणत्याही दुव्याला हात लावू नये. फोनचे ठिकाण पाहायचे असेल तर पत्ता स्वतः टाइप करून ॲपलच्या पानावर जावे.

सिम बंद करणे

कुलुपाचा आदेश गेला, की लगेच सिम बंद करायचे. आधी कुलूप आणि मग सिम हा क्रम एवढ्यासाठीच, की सिम बंद होताच फोनचे इंटरनेट तुटते आणि तो कुठल्या ओळखीच्या वायफायला जोडला जाईपर्यंत तुमचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पण या कारणासाठी सिम तासन्‌तास चालू ठेवणेही चुकीचे आहे. माझे मत असे, की कुलूप लावण्यासाठी जास्तीत जास्त १५ मिनिटे द्यावीत. तेवढ्यात झाले नाही, किंवा फोन आधीच बंद झालेला असेल, तर कुलुपाचा नाद सोडून सिम बंद करावे. फोनला लॉक नव्हता तर ही १५ मिनिटेही देऊ नयेत.

त्याच कंपनीचे सिम असलेल्या दुसऱ्या कोणत्याही फोनवरून १९८ हा तक्रारीचा क्रमांक लावावा, आणि फोन चोरीला गेल्यामुळे सिम तात्पुरते बंद करायचे आहे असे स्पष्ट सांगावे. नाव, जन्मतारीख, पत्ता, शेवटचा रिचार्ज असे प्रश्न विचारून ते ओळख पटवतात. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. जवळच कंपनीची गॅलरी असेल तर तिथे जाणे उत्तम, कारण जुने सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घेण्याचे काम एकाच फेरीत होते. सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच ओळखपत्रासह जावे लागते, ही गोष्ट आपल्या घरांमध्ये अनेकदा आड येते: आईच्या फोनमधले सिम मुलाच्या नावावर असते आणि मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला किंवा त्याहून दूर असतो. घरातले कोणते सिम कोणाच्या नावावर आहे, हे आजच पाहून घ्यावे.

नवे सिम हातात आले म्हणजे सगळे पूर्ववत झाले असे समजू नये. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून खाती रिकामी करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागाने केलेली ही तरतूद आहे. तेवढ्या काळात बँकेचा ओटीपी येणार नाही, तेव्हा त्या दिवशी कोणाचे पैसे द्यायचे असतील तर दुसरी व्यवस्था करावी.

व्हॉट्सॲप नव्या सिमवर दुसऱ्या फोनमध्ये सुरू केले, की जुन्या फोनवरचे आपोआप बंद होते; पडताळणीचा संकेत एसएमएसने येत नसेल तर फोन कॉलने मागवता येतो. त्याआधी नातेवाइकांच्या गटात कोणाकडून तरी निरोप टाकून घ्यावा, की या क्रमांकावरून कोणी पैसे मागितले तर पाठवू नका.

बँक आणि यूपीआय

यूपीआयला पिन असतो, मग चिंता कशाची, असे अनेकांना वाटते. चिंता अशी, की यूपीआय पिन नव्याने ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक, त्याची मुदत आणि ओटीपी लागतो; काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. पहिल्या दोन गोष्टी अनेकांनी स्वतःच फोनच्या गॅलरीत कार्डाचा फोटो म्हणून जपून ठेवलेल्या असतात आणि तिसरी सिमवर येते. ज्यांनी एटीएमचा पिनही संपर्कांच्या यादीत एखाद्या नावाने लिहून ठेवला आहे, त्यांनी चोरासाठी काहीच काम शिल्लक ठेवलेले नसते.

म्हणून ज्या ज्या बँकेत खाते त्या फोनशी जोडलेले आहे, त्या प्रत्येक बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगावे, आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये असेल तर कार्डही बंद करावे. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो. तो इंटरनेटवर शोधून मिळालेल्या पहिल्याच दुव्यावरून घेऊ नये, कारण तिथे बनावट ग्राहक सेवेचे क्रमांक पेरलेले असतात. यूपीआय लाइटमध्ये पैसे ठेवले असतील तर ते वेगळे ध्यानात घ्यावेत: तिथे ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार यूपीआय पिन न विचारता होतो.

बँकेला कळवल्याचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवण्याला कायदेशीर महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. आणि चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा प्रकारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतात, आणि ते मध्येच गोठवता येतील की नाही हे तुम्ही किती लवकर कळवता यावर अवलंबून असते.

ईमेलचा पासवर्ड यानंतर बदलावा. इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येत असल्यामुळे पहिला मान त्याचा. बाकीचे सावकाश बदलले तरी चालतील.

पोलीस ठाण्यात

फोन गहाळ होणे आणि चोरीला जाणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रारीत कोणता शब्द येतो त्यावर पुढचे बरेच काही ठरते. कुठे पडला ते खरोखर माहीत नसेल तर गहाळ झाल्याची नोंद योग्य आहे. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर ती घरबसल्याही करता येते. ही केवळ नोंद असते, गुन्ह्याचा तपास नव्हे. मात्र कोणी खिशातून काढला, हातातून हिसकावला किंवा बॅग कापली, तर तक्रारीत तसेच लिहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आणि हिसकावून नेणे कलम ३०४ मध्ये येते. ‘साहेब, गहाळच लिहू या, लवकर काम होईल’ असा सल्ला मिळाला, तर नम्रपणे पण ठामपणे घडले तेच लिहिण्याचा आग्रह धरावा. चोरीचा गुन्हा नोंदला गेला तर चोर दुसऱ्या प्रकरणात पकडला गेला तरी तुमचा फोन तुमच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी राहते, आणि विमा असेल तर कंपनीही बहुधा हाच कागद मागते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर ३ दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते, आणि प्रथम खबर अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली गेली तर त्याच कलमाच्या आधारे तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

रेल्वेच्या हद्दीत चोरी झाली असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे जाते. मुंबईत लोकलच्या दारात उभे राहून बोलणाऱ्यांच्या हातावर रुळांलगत दबा धरून बसलेली माणसे काठीचा फटका मारतात आणि खाली पडलेला फोन उचलून नेतात. फटका गँग हे नाव त्यावरूनच पडले. असे झाले तर चालत्या गाडीतून उतरण्याचा प्रयत्न करू नये. फोनपायी माणसे हातपाय गमावून बसली आहेत. कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये, कोणत्या बाजूला आणि किती वाजता हे मनात पक्के करून पुढच्या स्थानकावर उतरावे आणि लोहमार्ग पोलिसांकडे जावे. रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक गाडीतूनही लावता येतो.

तक्रार करायला जाताना फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. हा प्रत्येक हँडसेटचा १५ अंकी स्वतंत्र क्रमांक असतो, आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तक्रारीत दोन्ही लिहावेत. फोनच्या खोक्यावर आणि बिलावर तो छापलेला असतो. खोके रद्दीत गेले असेल तर ज्या संकेतस्थळावरून फोन मागवला तिथल्या जुन्या ऑर्डरमध्ये बिल सापडते. फाइंड हबमध्ये फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर टिचकी मारली तरी तो दिसतो, आणि आयफोनचा क्रमांक ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत असतो.

सीईआयआर: देशभरात फोन निकामी करणे

केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही, म्हणजेच सीईआयआर, ही दूरसंचार विभागाची व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रापासून सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे देशभर खुली झाली. आयएमईआय या नोंदवहीत काळ्या यादीत गेला, की त्या फोनमध्ये कोणत्याही भारतीय कंपनीचे सिम चालत नाही.

अर्जासाठी पोलीस तक्रारीची प्रत, फोनचे बिल, ओळखपत्र, दोन्ही आयएमईआय, आणि फोन कुठे व केव्हा गेला याचा तपशील लागतो. अर्जाच्या पडताळणीचा ओटीपी नव्याने घेतलेल्या सिमवर येतो, आणि त्यावर २४ तास एसएमएस येत नाहीत हे आपण वर पाहिलेच. त्यामुळे हे काम दुसऱ्या दिवशीचे आहे आणि पहिल्या दिवशी अर्ज पुढे सरकत नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही. अर्ज दाखल झाल्यावर जो विनंती क्रमांक मिळतो तो जिवापाड जपावा, कारण अर्जाची स्थिती पाहायला आणि फोन सापडल्यावर बंदी उठवायला तोच लागतो. अर्जानंतर साधारण २४ तासांत फोन बंद होतो. अडचण आली तर १४४२२ हा मदत क्रमांक आहे.

फोन बंद केला तर पोलिसांना तो शोधता येणार नाही, ही भीती निराधार आहे. बंदी घातलेल्या फोनमध्ये कोणी नवे सिम घातले, की त्याची खबर यंत्रणेला मिळते आणि माग काढण्याचे काम तिथूनच सुरू होते. कधी दोन आठवड्यांनी तर कधी वर्षभराने ठाण्यातून फोन येतो, की तुमचा मोबाइल सापडला आहे, घेऊन जा. फोन ताब्यात आल्यावर त्याच संकेतस्थळावर जाऊन बंदी उठवण्याचा अर्ज करायला विसरू नये, नाहीतर हातातला फोन चालू असूनही सिम चालणार नाही. देशाबाहेर गेलेल्या फोनपुढे मात्र ही व्यवस्था हतबल आहे.

याच नोंदवहीचा उपयोग जुना फोन विकत घेतानाही होतो. मोठ्या अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला, की तो फोन काळ्या यादीत आहे का हे कळते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे, आणि आयएमईआयमध्ये फेरफार करणाऱ्याला दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

फोन हातात असताना

आता वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची तयारी फोन हातात असतानाच होते, आणि ती करायला अर्धा तास पुरतो. *#०६# डायल केले की आयएमईआय पडद्यावर येतो. तो कागदावर लिहावा. त्याच कागदावर गुगलचे राखीव संकेत, बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक आणि सिम कोणाच्या नावावर आहे हे लिहून तो कागद कपाटात, रेशनकार्डाच्या किंवा पासबुकाच्या पिशवीत ठेवावा. गॅलरीतले कार्डांचे फोटो आजच काढून टाकावेत.

फोनला लॉक असतो, पण सिमलाही स्वतंत्र पिन लावता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. माझ्या मते या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे: सिमला पिन असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागितला जातो आणि तो दिल्याशिवाय ओटीपी येतच नाहीत. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या विभागात हा पर्याय असतो. कंपनीने आधी ठरवलेला पिन विचारून घ्यावा आणि मग तो बदलावा. अंदाजाने टाकू नये, कारण ३ वेळा चुकला तर पीयूके नावाचा संकेत लागतो आणि तोही १० वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. ई-सिम घेतले असेल तर ते काढून नेताच येत नाही.

कुलूपबंद पडद्यावर येणाऱ्या संदेशांचा मजकूर दिसू न देण्याची सोय सुरू करावी, नाहीतर लॉक न उघडताही ओटीपी वाचता येतो. अँड्रॉइडमध्ये हातातून हिसका बसल्याचे ओळखून पडदा आपोआप बंद करणारे चोरीविरोधी कुलूप आणि आधी उल्लेख केलेला रिमोट लॉक सुरू करावा. आयफोनमध्ये आयओएस १७.३ पासून चोरीपासून संरक्षणाची सोय आहे. ती सुरू असेल तर पासकोड पाहून घेतलेल्या चोरालाही तुमचा चेहरा किंवा बोट असल्याशिवाय ॲपल खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही तयारी आपणच करून द्यावी, आणि त्यांच्या खात्याला दुसरा पडताळणी क्रमांक म्हणून आपला क्रमांक जोडावा. तसे केले असेल तर वडिलांचा फोन साताऱ्याच्या बाजारात गेला, तरी पुण्यात किंवा परदेशात बसलेल्या मुलीला दोन मिनिटांत त्याला कुलूप लावता येते. एवढे झाल्यावर एकदा घरच्या घरी सराव करून पाहावा: वडिलांचा फोन आतल्या खोलीत ठेवावा, आपल्या फोनवरून फाइंड हब उघडावे, तो वाजवावा आणि कुलूप लावून दाखवावे. जे अडते ते त्या सरावातच लक्षात येते.